मागचे पान

आमच्या घरात कोणताही छापील फॉर्म आला की तो आपोआप माझ्यापुढे येतो. शाळेचा असो, बँकेचा असो, विजेच्या मीटरचा असो. माझे अक्षर बरे आहे आणि बाकीच्यांना कागद म्हटला की जांभई येते. तसे पाहिले तर आमचे पोट कागदावरच आहे. तळमजल्यावर बाइंडिंगचे काम चालते. ग्रंथालयांची फाटकी पुस्तके येतात. आम्ही ती उसवतो, पुन्हा शिवतो, नवा पुठ्ठा चढवून परत पाठवतो. कटिंग आणि दाबाचे काम पुरुषमाणसे बघतात. सोळा-सोळा पानांच्या घड्या क्रमाने लावायच्या, ती जुळणी माझ्याकडे. शिलाई माझ्या धाकट्या जावेकडे.

शिलाई तिच्याकडे होती, असे लिहायला हवे.

तिला सगळे टकळी म्हणत. सासूबाईंनी ठेवलेले नाव. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सुई हातात घेऊन बसली आणि बोलायला लागली, ते संध्याकाळपर्यंत. सासूबाई वैतागून म्हणाल्या, "हिचं तोंड शिवायचं तर घरातला दोरा पुरायचा नाही."

ती मान वर न करता म्हणाली, "मेण लावलेला घ्या, आई. तो तुटत नाही."

सासूबाईंना हसू आवरेना. त्यांना हसवणारी सून ती एकच. मी थोरली, कामाची, पण माझ्या बोलण्यावर कोणी हसल्याचे मला आठवत नाही.

लग्नाच्या आठव्या वर्षी तिची बोटे सुजली. आधी उजवा हात, मग डावा. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नसे. दात घासायला दोन्ही हातांनी ब्रश धरायची. अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली. सांध्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, फोटो काढले आणि सांगितले की हा म्हातारपणाचा संधिवात नव्हे. शरीराची राखण करणारी जी शक्ती असते, तीच चुकून आपल्या सांध्यांवर उलटते आणि तिथे सतत दाह पेटता ठेवते. घरी येऊन मी हे सासूबाईंना समजावले. त्या म्हणाल्या, "म्हणजे राखणदारच चोर निघाला." यापेक्षा चांगले मलाही सांगता आले नसते.

औषध आठवड्यातून एकदा घ्यायचे होते, सहा गोळ्या एकदम. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचे. आत जाण्याआधी बाहेर बसून एक फॉर्म भरायचा. पुढच्या पानावर हातापायांचे प्रश्न, मागच्या पानावर मनाचे. प्रत्येक प्रश्नासमोर चार चौकटी: कधीच नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.

पहिल्या वेळी तिला पेन धरता येईना, म्हणून पेन मी घेतले. कोणी न सांगता, सवयीने. पुढचे पान मी मोठ्याने वाचले.

"बटण लावता येतं?"

"मोठं असलं तर."

"नळ उघडता येतो?"

"उघडता येतो. बंद करता येत नाही."

"तशी चौकट नाही गं."

"मग त्यांना म्हणावं, आमच्या घरी येऊन नळ बघा. कालपासून ठिबकतोय, माझ्याच कृपेने."

शेजारच्या बाकावरचे आजोबाही हसले. मग मी पान उलटले.

मागच्या पानावर नऊ प्रश्न होते. झोप लागत नाही असे होते का. कशातच रस वाटेनासा होतो का. आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असे वाटते का. शेवटचा प्रश्न होता, जगणे नकोसे वाटते का. मी तो मनातल्या मनातच वाचला. हे असे शब्द तिच्या कानावर घालायचे? न उगवलेले रोप आपणच लावल्यासारखे होईल, असे मला वाटले. शिवाय बाकावर माणसे होती. शिवाय आमच्या घरात दोन्ही वेळ प्रार्थना होते, तिथे असले काही कसे असेल. आणि खरे कारण सांगायचे तर मला घाई होती. दुपारच्या जेवणाआधी एक अध्याय वाचायचा हा माझा कित्येक वर्षांचा नेम, आणि आमचा नंबर अठरावा होता.

मी नऊ खुणा केल्या. सगळ्या पहिल्या चौकटीत, एकाखाली एक, जुळणी केल्यासारख्या सरळ. कधीच नाही, कधीच नाही.

"झालं?" तिने विचारले.

"झालं," मी म्हणाले.

माझ्या नेमांपैकी एक नेम असाही आहे, की दिवसभरात जाणूनबुजून खोटे बोलायचे नाही. संध्याकाळी प्रार्थनेला बसण्याआधी मी सकाळपासूनचे बोलणे आठवून बघते. त्या संध्याकाळीही बघितले. काही सापडले नाही.

असे दोन वर्षे चालले. आठ वेळा मी तो फॉर्म भरला. पुढचे पान विचारून, मागचे पान न विचारता. डॉक्टर मागच्या पानावर नुसती नजर टाकत आणि म्हणत, "मनाने खंबीर आहेत, हे फार चांगलं." मला तो शेरा घरच्या संस्कारांना मिळाल्यासारखा वाटे. मग ते पुढचे पान बघून कपाळाला आठ्या घालत. औषध लागू पडायला हवे होते. सूज उतरत नव्हती. ते गोळ्या वाढवत, बदलत, पुन्हा रक्त तपासायला सांगत.

घरी टकळी हळूहळू गप्प होत गेली. एका दिवसात झाले असते तर कळले असते. आधी ती शिवताना गुणगुणायची थांबली. मग सासूबाईंशी भांडायची थांबली. दुपारी जेवून झोपे आणि उठवल्यावर भिंतीकडे बघत बसे. केस विंचरायला माझ्याकडे यायची, कारण कंगवा धरवत नसे; मग तेही बंद झाले. कोणी काही विचारले तर "हं" म्हणे. त्या "हं"मध्ये होकार आहे की नकार, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

"आताशा नुसती बसून असते," सासूबाई म्हणाल्या. "हात दुखतात ते समजलं. तोंड दुखतं का?"

"असं नका म्हणू, आई," मी म्हणाले. "सोशीक आहे ती. एवढं दुखतं, पण एका शब्दानं कुरकुर नाही. तिच्याकडून शिकायला हवं."

हे मी तिच्यासमोर बोलले. तिला बरे वाटावे म्हणून मुद्दाम. ती समोर सोळा पानी घड्यांचा गठ्ठा घेऊन बसली होती आणि एकाच घडीवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होती. सासूबाई तिला आळशी म्हणत आणि मी सोशीक म्हणत होते. आम्ही दोघी तिच्याविषयी बोलत होतो.

एकदा ती जेवणाआधी खाली आली. मी अध्याय वाचत होते. दारात उभी राहून ती म्हणाली, "ताई." मी वाचन मध्ये तोडत नाही. पुस्तकावरून नजर न काढता मी हात वर केला, म्हणजे थांब जरा. वाचून झाल्यावर बघितले तर दारात कोणी नव्हते. मी वर गेले.

"काय गं, काय म्हणत होतीस?"

"काही नाही. दोरा संपलाय."

फळीवर दोऱ्याची सहा रिळे होती. मी त्यातले एक काढून तिला दिले आणि ताटे घ्यायला गेले.

नवव्या वेळी दवाखान्यात एक नवी सिस्टर होती. तिने माझ्या हातातला फॉर्म घेतला आणि म्हणाली, "हा आता आम्ही आत बसून भरतो. पेशंट आणि मी, दोघीच."

"नेहमी मीच भरते," मी म्हणाले. "तिला पेन धरवत नाही."

"पेन मी धरेन ना, ताई. तुम्ही बसा निवांत."

पाच मिनिटांचे काम. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मग डॉक्टरांनी मला आत बोलावले. टकळी खुर्चीत बसली होती आणि तिचा चेहरा धुतल्यासारखा ओला होता. टेबलावर आमचे जुने आठ फॉर्म पसरले होते, सगळे मागचे पान वर करून. एकाशेजारी एक ठेवल्यावर माझ्या खुणा किती नीटनेटक्या आहेत ते दिसत होते.

"या खुणा कोणी केल्या?" डॉक्टरांनी विचारले.

"मी."

"यांना विचारून?"

मी तोंड उघडले. माझ्याआधी टकळी बोलली. "विचारून," ती म्हणाली. "मीच तसं सांगायचे त्यांना."

आणि मी ते तसेच राहू दिले. माझा नेम मला आठवला नाही, असे लिहिले तर तेही खोटे होईल. आठवला होता. मी खाली बघत राहिले.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले की गेल्या वर्षभरात तिने आठवड्याच्या गोळ्या निम्म्याहून जास्त वेळा घेतल्याच नव्हत्या. डबी रिकामी दिसावी म्हणून त्या ती काढून टाकत असे. घेऊन काय व्हायचे आहे, असे तिला वाटायचे.

"या आजारात हे पुष्कळांना होतं," ते म्हणाले. "दाह फक्त बोटांत राहत नाही, त्याचा मेंदूवरही परिणाम होतो असं दिसतं. वर रोजचं दुखणं, झोप नाही, हातचं काम सुटलेलं. मन खचतं. आणि खचलेलं मन दुखणं आणखी जड करतं, औषधही घेऊ देत नाही. आधी काय आणि नंतर काय, हे मलाही दर वेळी सांगता येत नाही. म्हणून दोन्हींवर एकदम उपचार करायचे असतात. म्हणून तर ते मागचं पान."

मग त्यांनी हातांचे नवे फोटो उजेडाला लावले. उजव्या हाताच्या दोन बोटांत, जिथे हाड हाडाला भेटते, तिथे कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. "पुढची झीज थांबवता येईल," ते म्हणाले. "झाली ती भरून येत नाही."

बसची वाट बघत आम्ही थांब्यावर बसलो.

"विचारून असं का म्हणालीस?" मी म्हणाले.

"मग काय म्हणू? डॉक्टरांसमोर तुमचं नाक कापू?"

"मी खरंच तुला विचारायला हवं होतं गं. मला वाटलं, नसतं काहीतरी तुझ्या मनात भरेल."

"माहितेय मला." ती रस्त्याकडे बघत होती. "पहिल्याच वेळी मी बघितलं होतं, ताई. तुमच्या खांद्यावरून. हात दुखत होते, डोळे कुठे दुखत होते. एकेक प्रश्न वाचला. मला वाटलं, अगं बाई, हे तर माझंच लिहिलंय. कोणालातरी माहितेय तर. आणि तुम्ही भराभरा 'कधीच नाही' करत गेलात."

मला पुढचे ऐकायचे नव्हते. ती थांबली नाही. कित्येक महिन्यांनी ती इतके सलग बोलत होती.

"मग वाटलं, घरानं ठरवलंय. आपल्याकडे हे नसतं. ताईंनी लिहिलं म्हणजे नसणारच. तुम्ही कधी खोटं लिहीत नाही. म्हणजे मला जे होतंय ते आजार नाही, नुसता आळस. आई म्हणतात तसा. रोज सकाळी स्वतःला म्हणायचे, ऊठ भवाने, तुला काही झालेलं नाही. आणि उठवायचं नाही."

बस आली. तिला वर चढायला मी हात दिला, तो तिने घेतला. बसमध्ये ती खिडकीशी डोके टेकून झोपली. मी तिच्या गोळ्यांची पिशवी मांडीवर धरून बसले होते आणि मला त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विचारायचे होते. दोन वर्षांत तिने त्याला कोणती चौकट दिली असती, ते. मला विचारवले नाही. आजही मला ते माहीत नाही.

उपचार सुरू झाले. सांध्यांच्या गोळ्या आता भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, स्वतः समोर बसून देतात. मनासाठी एक वेगळी गोळी, आणि दर मंगळवारी त्याच दवाखान्यात मनाच्या डॉक्टरबाईंशी तासभर बोलायचे. पहिला दीड महिना काही फरक दिसला नाही. मग एके दिवशी सासूबाईंनी तिच्या चहात साखर जास्त घातली आणि ती म्हणाली, "आई, मला मुंग्या लावायच्या आहेत का?" सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या.

सूज उतरली. ती दोन बोटे मात्र सरळ झाली नाहीत. पहिल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला कलली, ती तशीच राहिली. जाड सुई पाच-सहा घड्यांतून पार करायला जो जोर लागतो, तो आता त्या हातात नाही. शिलाई मी करते. ती माझ्या जागी बसून जुळणी करते आणि माझे टाके बघते.

"ताई, पुस्तक शिवताय की पोतं?"

"शिकतेय गं."

"शिका. वाचणाऱ्याच्या हातात पान सुटून नाही आलं म्हणजे झालं."

मी हसते. तिचे जुने काम फळीवर आहे, परत न नेलेली चार पुस्तके. त्यांचे टाके एका मापाचे आहेत, उघडले की पान सपाट पडते. माझी पुस्तके उघडली की मिटायला बघतात.

घरात सगळे म्हणत, नशीब. भाऊजी म्हणत, "आजारच तसला, वहिनी. तुम्ही होतात म्हणून निभावलं. दर वेळी घेऊन जात होतात." मी ऐकून घेत होते. मी मनाशी एक नवा नेम धरला होता, वर्षभर एकच वेळ जेवायचे. कोणाला कारण सांगितले नाही. पोट रिकामे असले की आत काहीतरी फेडले जाते आहे असे वाटे. पण भाऊजींनी तसे म्हटले की तो हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

एका दुपारी ते पुन्हा म्हणाले. सगळे जेवायला बसले होते.

"नशीब नाही, भाऊजी," मी म्हणाले. "तो फॉर्म मी भरायचे. मागचं पान मी तिला कधी वाचूनच दाखवलं नाही. आठही वेळा मनानेच लिहिलं. डॉक्टरांना आधी कळलं असतं, तर ती बोटं वाचली असती."

भाऊजींनी घास ताटात ठेवला. "दोन वर्षं?" त्यांनी विचारले. मी मान हलवली. ते हात धुऊन खाली कामावर गेले. त्यानंतर कित्येक दिवस ते माझ्याशी कामापुरते बोलत होते, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

सासूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या, "मी तिला आळशी म्हणत होते. तेही धर त्यात."

टकळीने त्या दोन बोटांना चुकवून, उरलेल्या बोटांनी घास घेतला. सावकाश चावून खाल्ला. मग म्हणाली, "झालं सांगून? आता हे रोज सांगत बसू नका, ताई."

"नाही सांगत."

"आणि ते एक वेळचं जेवण. माझ्यासाठीच आहे ना ते?"

मी भाताचे पातेले तिच्या ताटाजवळ सरकवले.

"मला दिसतं. तुमचं ताट नसलं की मला वाटतं, आज मला बरं वाटलंच पाहिजे, नाहीतर ताईंचा उपास वाया. एखाद्या दिवशी नाही वाटत बरं. मग तेही लपवावं लागतं. पुन्हा तेच झालं की नाही?"

मी तिला पुन्हा एकदा न विचारता तिच्या वतीने काहीतरी भरून टाकले होते.

"मग मी काय करू?" मी विचारले. तिला असे खरे विचारण्याची ती माझी पहिलीच वेळ असेल.

तिने थोडा विचार केला. "मंगळवारी माझ्यासोबत यायचं तर यांच्या कटिंगच्या कामाचा सारखा खाडा होतो. तुम्ही चला सोबत. जाताना बसमध्ये मला एकटीला नको वाटतं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आत मात्र नका येऊ."

आता मंगळवारी मी जाते. ती आत गेली की दार लागते आणि मी समोरच्या बाकावर बसते. वाचायला काही नेत नाही. अध्यायाची वेळ तिथेच टळते. तो मी घरी येऊन वाचते, कधी जेवणानंतर, कधी राहूनच जातो. दाराआडून बोलल्याचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. परवा एकदा तिचा आवाज चढला, मग बराच वेळ काही ऐकू आले नाही. ती हसली की रडली, ते मला ओळखता आले नाही. पूर्वी मी ओळखले असते, निदान तसे धरून चालले असते.

तासाने ती बाहेर आली. डोळे लाल होते.

"चला," ती म्हणाली.

मी उठले. काय बोललीस, असे ओठांवर आले होते, ते गिळले. जिन्यात तिने कठडा धरायला उजवा हात पुढे केला. ती दोन बोटे कठड्याभोवती वळली नाहीत, बाहेरच राहिली. मी एक पायरी मागे राहून तिच्या चालीने उतरत गेले.